अमेरिकन यादवी युद्धाची कारणमीमांसा : घटकराज्यांचे अधिकार की गुलामगिरी?

प्रस्तावना :
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धाची कारणे सांगताना गुलामगिरी, जकात, घटकराज्यांचे अधिकार आणि लिंकन यांची निवड अशी यादी सामान्यतः दिली जाते. ही कारणे परस्परांहून स्वतंत्र व सारख्याच महत्त्वाची होती काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आर्थिक पार्श्वभूमी :
१७९३ मध्ये एली व्हिटनी याने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. त्यामुळे आखूड धाग्याचा कापूस किफायतशीर ठरला आणि मळ्यांवर गुलामांची मागणी वाढत गेली. १८६० च्या जनगणनेनुसार सुमारे ३ कोटी १४ लाख लोकसंख्येपैकी ३९ लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. दक्षिणेतील मळेवाल्यांची संपत्ती व प्रतिष्ठा या मालकीवरच उभी होती.

नव्या प्रदेशांचा प्रश्न :
पश्चिमेकडील प्रदेशांत गुलामगिरी असावी की नाही, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. १८२० च्या मिसुरी तडजोडीने आखलेली मर्यादा १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मोडीत काढली. ड्रेड स्कॉट खटल्यात (१८५७) सर्वोच्च न्यायालयाने या प्रदेशांत गुलामगिरीस बंदी करण्याचा काँग्रेसचा अधिकारच नाकारला. तडजोडीचा मार्ग त्यामुळे अधिकच अरुंद झाला.

घटकराज्यांच्या अधिकारांचा युक्तिवाद :
१८५० च्या कायद्याने पळून आलेले गुलाम परत करण्याची सक्ती उत्तरेवर झाली. उत्तरेतील अनेक राज्यांनी स्वतःचे कायदे करून त्यास अडथळा केला, तेव्हा संघीय सत्तेचा आग्रह दक्षिणेनेच धरला. डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघताना साउथ कॅरोलिनाने आपल्या जाहीरनाम्यात याच अडथळ्याची तक्रार नोंदविली. मार्च १८६१ मधील दक्षिणी राज्यसंघाच्या घटनेने गुलामांवरील मालकी हक्कास बाध आणणारा कायदा करण्यास मनाई केली. जकात वाढविणारा कायदा संमत झाला तो २ मार्च १८६१ रोजी. तोपर्यंत सात राज्ये बाहेर पडली होती.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. लिंकन यांचा प्रारंभीचा हेतू संघराज्य टिकविणे हा होता. अस्तित्वात असलेल्या गुलामगिरीस हात लावणार नाही, असे त्यांनी सांगितले होते. तथापि उत्तर कशासाठी लढली आणि दक्षिण कशासाठी फुटली, हे दोन भिन्न प्रश्न आहेत.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, घटकराज्यांचे अधिकार हे दक्षिणेचे साधन होते, साध्य नव्हे. साध्य होते गुलामगिरीचे रक्षण. १८६५ मधील तेराव्या घटनादुरुस्तीने ती संपुष्टात आली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल. पुण्यातील या विचारवंताने युद्धाचे मर्म अचूक ओळखले होते. वर्गात ही कारणे शिकविताना आपणही त्यांची केवळ यादी न देता त्यांतील परस्परसंबंध विद्यार्थ्यांसमोर मांडणे अगत्याचे आहे.