दुकानदाराची चूक, ग्राहकाचा लाभ? कायदा काय सांगतो

किमतीच्या चिठ्ठीवर एक शून्य कमी पडते, संगणकात जुना दर राहून जातो किंवा एका वस्तूच्या पैशांत दोन वस्तू पिशवीत येतात. अशा वेळी ग्राहकाचा हक्क कुठपर्यंत जातो, हे चूक कोणत्या टप्प्यावर उघड झाली आणि ग्राहकाला तिची जाणीव होती का, यावर ठरते. गोव्यात विवाहाला पोर्तुगीजकालीन दिवाणी कायदा लागू असला, तरी खरेदी-विक्रीला १८७२ चा भारतीय करार कायदाच लागू होतो.

पैसे देण्यापूर्वी : मांडणीवरील किंमत हा कायद्याच्या दृष्टीने विक्रीचा प्रस्ताव नसून प्रस्तावासाठी दिलेले आमंत्रण असते. वस्तू घेऊन काउंटरवर जाणारा ग्राहक प्रस्ताव ठेवतो आणि दुकानदार तो स्वीकारतो. इंग्लंडमधील १९५३ च्या ‘बूट्स’ खटल्यातील हे तत्त्व आपल्याकडेही प्रमाण मानले जाते. त्यामुळे बिल होण्यापूर्वी चूक लक्षात आल्यास चिठ्ठीवरील किमतीलाच वस्तू द्या, असा आग्रह सहसा टिकत नाही. मात्र स्वस्त दर दाखवून गिऱ्हाईक ओढायचे आणि त्या दराने विकायचे नाही, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पाकिटावरील छापील कमाल किमतीपेक्षा अधिक रक्कम तर कोणत्याही सबबीखाली घेता येत नाही. अशा तक्रारींसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

बिल झाल्यानंतर : करार कायद्याच्या कलम २२ नुसार केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीविषयी चूक झाली म्हणून करार रद्द करता येत नाही. प्रामाणिकपणे, दर खरा समजून खरेदी करणाऱ्याला हे कलम आधार देते. परंतु समोरच्याची चूक ओळखून केलेल्या खरेदीचे काय?

सिंगापूरमध्ये २००३ साली एका संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला दिसू लागला. सहा ग्राहकांनी मिळून १,६०६ प्रिंटरांची मागणी नोंदवली आणि कंपनीने नकार देताच न्यायालयात धाव घेतली. दर चुकीचा असल्याची त्यांना जाणीव होती, असा निष्कर्ष काढून २००५ मध्ये अपील न्यायालयानेही त्यांचा दावा फेटाळला. हा निर्णय भारतात बंधनकारक नाही. मात्र दोन्हीकडचा करार कायदा इंग्लिश परंपरेतूनच आल्याने तो मार्गदर्शक ठरू शकतो.

जादा वस्तू, जादा सुटे : येथे संदिग्धता नाही. कलम ७२ नुसार चुकून मिळालेले पैसे किंवा वस्तू परत करणे बंधनकारक आहे. चूक कळल्यानंतरही अप्रामाणिक हेतूने ते स्वतःजवळ ठेवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खालील अपहाराचा प्रश्न उद्भवू शकतो. ग्राहकाने स्वतःच चिठ्ठी बदलली, तर ती दुकानदाराची चूक उरत नाही. ती फसवणूक होते.

नैतिक बाजू : ‘एवढ्या मोठ्या दुकानाला काय फरक पडतो’ हा युक्तिवाद नेहमीचा आहे. परंतु दिवसअखेरीस गल्ल्यात आलेली तूट मालकच सोसतो असे नाही. निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान काही अटींवर कर्मचाऱ्याच्या वेतनातून वळते करण्यास कायद्याने मुभा आहे. ग्राहकाचा लाभ मग काउंटरवरील मुलीच्या पगारातून जातो. हाच ग्राहक बिलात दहा रुपये जास्त लागले, तर लगेच परत मागतो. दोन्ही चुकांना एकच माप लावणे हा सरळ न्याय होय.

व्यवहारात एवढे पुरे : दर अविश्वसनीय वाटल्यास खरेदीपूर्वी विचारावे आणि उत्तर मिळाल्यावर बिल जपून ठेवावे. विचारून घेतलेली वस्तू स्वस्त पडली, तर ग्राहकाची बाजू कायद्याने भक्कम राहते आणि मनालाही टोचणी लागत नाही.