कापलेल्या नावाची गोळी

भाद्रपद जवळ आला की आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला पंचांग लागत नाही. गौरी कधी बसणार, हे त्याला गल्ल्यावर बसूनच कळतं. आठवडाभर आधीपासून बायका येऊ लागतात. आधी बाम मागतात, मग खोकल्याच्या गोळ्या, आणि दुकान जरा रिकामं झालं की हळूच विचारतात, "ती पुढं ढकलायची आहे ना?" काय ते कुणी बोलत नाही. तोही मान वर करत नाही. कात्रीनं पट्टी कापतो आणि तुकडा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुढं सरकवतो. खरं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची ही गोळी. पण चिठ्ठी तो मागत नाही आणि कुणी दाखवतही नाही.

वीसेक वर्षांपूर्वी थोरल्या जाऊबाईंसाठी मीच ती आणायला गेले होते. घरी येऊन पुडी सोडली, तर कात्री नेमकी नावावरून गेलेली. तुकड्यावर इंग्रजीत ‘एथिस्टेरॉन’ एवढंच उरलं होतं. पहिली तीन अक्षरं, ‘नॉर’, दुकानातच राहिली होती. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळं मला गंमत वाटली. गोळीचं पूर्ण नाव नॉरएथिस्टेरॉन. त्यातलं ‘नॉर’ काढलं की जे उरतं, तेही एका जुन्या औषधाचंच नाव आहे. कात्रीनं गोळीला तिच्या आजीचं नाव देऊन टाकलं होतं.

गौरींच्या पुढ्यात पाळी चालते की नाही, हा वाद इथं घालत नाही. माझ्यापुरता तो मी केव्हाच मिटवला आहे. कुळकथा सांगायची आहे ती गोळीची. तिचं सगळं सार एका प्रश्नात आहे : हा पदार्थ तोंडानं घेता यावा म्हणून माणसाला एवढी धडपड का करावी लागली?

दर महिन्याला बीज बाहेर पडलं की बीजकोशात त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. ती पीतपिंड. 1929 साली अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर आणि विलर्ड ॲलन यांनी दाखवून दिलं की या पिंडातून निघणारा रस गर्भाशयाचं अस्तर सांभाळून धरतो. अस्तराला तो टेकूच म्हणा. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पिंड सुकतो, टेकू निघतो, अस्तर कोसळतं. तीच पाळी. हा रस शुद्ध स्वरूपात हाती आला 1934 मध्ये. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांना 20 मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनसाठी सुमारे 50,000 डुकरिणींचे बीजकोश लागले होते. नावावरूनही दोन तट होते. अमेरिकन ‘प्रोजेस्टिन’ म्हणत, जर्मन ‘ल्युटिओस्टेरॉन’. शेवटी 1935 साली लंडनमध्ये दोन्ही नावांचे तुकडे जोडून ‘प्रोजेस्टेरॉन’ केलं. सोयरीक जुळवताना दोन्हीकडच्या मंडळींचा मान राखतात, तसं.

पण हे सोनं गिळून उपयोग नव्हता. आतड्याकडून येणारं रक्त थेट अंगभर जात नाही, आधी यकृतात जातं. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, तसा हा शरीराचा नाका. आलेला माल इथं उघडला जातो, तपासला जातो, बराचसा मोडून टाकला जातो. प्रोजेस्टेरॉन म्हणजे तर इथला ओळखीचा माल, त्यामुळं पोटातून दिलेल्या मात्रेतलं फारच थोडं पलीकडं पोचायचं. म्हणून ते तेलात मिसळून सुईनं द्यावं लागे. दाट तेलाचं ते इंजेक्शन दुखायचं, वर महाग.

नाका चुकवायची पहिली युक्ती बर्लिनच्या शेरिंग कंपनीत सापडली. 1938 साली हान्स इनहोफेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टेरॉइडच्या चार कड्यांच्या सांगाड्याला सतराव्या जागी दोन कार्बनचं एक शेपूट लावलं. या शेपटामुळं यकृताला तो रेणू चटकन मोडता येईना. त्यातून निघालं एथिस्टेरॉन. प्रोजेस्टेरॉनचं काम करणारं, तोंडानं घ्यायचं ते पहिलं औषध. जाऊबाईंच्या पुडीवर उरलेलं नाव त्याचंच. ताकद मात्र बेताची होती, आणि पुरुषी हार्मोनचा अंशही थोडा होता. त्याच सुमारास त्याच कंपनीनं हेच शेपूट इस्ट्रोजेन या स्त्रीच्या दुसऱ्या हार्मोनलाही लावलं आणि एथिनिल इस्ट्राडिओल तयार झालं. ते नाव लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

कथा इथून मेक्सिकोला जाते. रसेल मार्कर हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, तऱ्हेवाईक आणि तिरसट. कंदांमधल्या डायोसजेनिन नावाच्या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन करण्याची रीत त्यानं शोधली होती, पण भरपूर माल असलेला कंद हाताशी नव्हता. एका पुस्तकातलं कंदाचं चित्र पाहून जानेवारी 1942 मध्ये तो वेराक्रूझ प्रांतात पोचला. स्पॅनिश येत नव्हतं. ओरिझाबा आणि कोर्दोबा या गावांमधल्या रस्त्यावर मोरेनो नावाचा एक दुकानदार भेटला. त्यानं जंगली कंदाची दोन पोती मिळवून दिली. बसच्या टपावर टाकलेली ती पोती गाव येईपर्यंत गायब झाली. पोलिसाच्या हातावर पैसे ठेवल्यावर एक परत मिळालं. त्या एका पोत्यावर पुढचा सगळा इतिहास उभा आहे.

हा कंद आपल्या कोनफळाचा आणि कडूकंदाचा भाऊबंद, कूळ एकच, डायोस्कोरिया. डायोसजेनिन मेथीच्या दाण्यातही असतं. हे वाचून कुणी मेथीचे लाडू वाढवेल, म्हणून सांगून टाकते : आपल्या शरीराला डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन करता येत नाही. त्यासाठी मार्करची भट्टी आणि आम्लं लागतात. कंदाच्या नावानं ‘नैसर्गिक हार्मोन’ म्हणून मलमं आणि चूर्णं विकली जातात, त्यांचं म्हणूनच काही खरं नाही.

अमेरिकन कंपन्यांनी मार्करला दारात उभं केलं नाही. मग आख्यायिका अशी की 1943 मध्ये तो मेक्सिको सिटीतल्या एका छोट्या औषध कंपनीत शिरला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बरण्या त्यानं टेबलावर ठेवल्या. आत जवळपास दोन किलो प्रोजेस्टेरॉन. तेव्हाचा भाव ग्रॅमला 80 डॉलर! पुढच्याच वर्षी सिंटेक्स कंपनी उभी राहिली. वर्षभरात पैशावरून भांडून मार्कर निघूनही गेला. आमचा मेडिकलवाला पुडी बांधतो तेव्हा मला त्या दोन बरण्या हटकून आठवतात.

सिंटेक्समध्ये मग जॉर्ज रोझेनक्रांझ आणि व्हिएन्नाचे कार्ल जेरासी आले. एरेनश्टाइन नावाच्या संशोधकाला 1944 सालीच एक चमत्कार दिसला होता. सांगाड्यातला एकोणिसावा कार्बन काढून टाकला तर ताकद कमी होत नाही, उलट टिकते, वाढते. एखादा कार्बन उणा असला की रसायनशास्त्रात नावाआधी ‘नॉर’ लावतात. जेरासींच्या गटानं दोन्ही युक्त्या एकत्र आणल्या : शेपूट लावायचं बर्लिनसारखं, आणि एकोणिसावा कार्बन गाळायचा. 15 ऑक्टोबर 1951 रोजी लुईस मिरामोंतेस या 26 वर्षांच्या मेक्सिकन विद्यार्थ्यानं शेवटची पायरी पूर्ण करून वहीत नोंद केली. एथिस्टेरॉनला ‘नॉर’ मिळालं आणि आपली गोळी जन्माला आली. नाक्यावरून ती पार होत होती आणि पलीकडं जाऊन दणकून काम करत होती.

ती कशासाठी केली होती, हे लोक विसरतात. संततिनियमनाचा विचारही तेव्हा नव्हता. अनियमित पाळी, अतिरक्तस्राव, वारंवार गर्भपात, हे तिचं उद्दिष्ट. 1957 साली अमेरिकेत तिला आणि एनोव्हिड नावाच्या तिच्या चुलत बहिणीला परवानगी मिळाली तीही पाळीच्या विकारांसाठीच. एनोव्हिडच्या वेष्टनावर सूचना होती की या काळात बीज बाहेर पडणार नाही. झालं! दोन वर्षांत सुमारे पाच लाख अमेरिकन स्त्रियांना एकाएकी पाळीचे विकार जडले. ‘गर्भनिरोधक’ हा शब्द सरकारनं 1960 मध्ये मान्य केला. बायकांनी तो आधीच वाचला होता.

पण नाका चुकवल्याची किंमत असते. 1961 साली इंग्लंडमध्ये एका परिचारिकेच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याची नोंद झाली. ती एनोव्हिडच घेत होती, ज्यात इस्ट्रोजेनही असे, तेही मुलं नकोत म्हणून नाही, एंडोमेट्रिओसिससाठी. नंतर कळलं की तोंडानं घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जाताना त्याला डिवचतं आणि यकृत रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त बनवू लागतं. हेच इस्ट्रोजेन कातडीवरच्या पट्टीतून किंवा जेलमधून दिलं तर यकृताला वळसा पडतो आणि हा धोका दिसत नाही.

आता ‘साध्या गोळी’कडं परत येऊ. नॉरएथिस्टेरॉन हे इस्ट्रोजेन नव्हे, पण मात्रा मोठी असली तर शरीरात त्याचा अगदी छोटा अंश एथिनिल इस्ट्राडिओलमध्ये बदलतो. बर्लिनचं तेच दुसरं अपत्य. नुसत्या नॉरएथिस्टेरॉनच्या रोजच्या गर्भनिरोधक गोळीत ते 0.35 मिलिग्रॅम असतं. पाळी पुढं ढकलायला 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे 15 मिलिग्रॅम. चाळीस पटींहून जास्त! एवढ्या मात्रेत शरीरात तयार होणारं इस्ट्रोजेन साधारण एका नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीइतकं भरतं. म्हणून जिला पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली आहे, यकृताचा आजार आहे, स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, अंगावरून जाण्याचं कारण कळलेलं नाही किंवा दिवस गेल्याची शंका आहे, तिनं ही गोळी कोपऱ्यावरून आणू नये. अंधारी किंवा चमकणाऱ्या रेषा दिसून डोकं दुखत असेल, घरात कुणाला तरुणपणी गुठळी झाली असेल, वजन फार असेल, सिगारेट असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावं.

घ्यायची रीत तशी सोपी. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची, कार्य झालं की थांबवायची, दोन-तीन दिवसांत टेकू निघाल्यासारखी पाळी येते. पाळी सुरू झाल्यावर घेऊन ती मागं जात नाही. सहसा दोन आठवड्यांच्या वर ताणू नये. आली नाही तर दिवस गेलेत का ते तपासावं, कारण अशा रीतीनं घेतल्यावर गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. जाऊबाईंनी ती गौरी झाल्या, मग दिवाळी, मग नणंदेचं लग्न अशी दर महिन्याला खेचली होती आणि मग महिनाभर अंगावरून जात राहिलं. तेव्हा आम्हाला वाटलं, उष्णता.

एक गोष्ट आपल्याकडं हमखास निसटते. क्षयावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरच्या फेनिटॉइन, कार्बामेझेपिनसारख्या गोळ्या यकृताचा वेग वाढवतात. नाक्यावरची माणसंच दुप्पट होतात म्हणा. मग आपली गोळीही पकडली जाते आणि ऐन कार्यात पाळी येते. बाई म्हणते, गोळी बनावट होती.

तेच रसायन पुढं उतारवयातही भेटतं. 1942 मध्ये अमेरिकेत प्रीमॅरिन आलं, गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन. नावच ‘प्रेग्नंट मेअर्स युरिन’चे तुकडे जोडून केलेलं. पाळी गेल्यानंतरच्या वाफा, घाम, झोप उडणं यांवर ते चालायचं. 1975 साली लक्षात आलं की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. मग अस्तर आवरायला सोबत प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध, आलं, काही औषधांत ते नॉरएथिस्टेरॉनच. गर्भपिशवी असलेल्या बाईनं एकटं इस्ट्रोजेन पोटात घ्यायचं नाही, हा नियम तिथून आला.

2002 साली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टोजेनच्या या जोडीची 16,608 स्त्रियांवरची मोठी अमेरिकन चाचणी मध्येच थांबवली गेली आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. आकडा वाचावा असा आहे : वर्षाला 10,000 स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाच्या 8 जास्त, पक्षाघाताच्या 8 जास्त, आणि खुब्याच्या अस्थिभंगाच्या 5 कमी. शिवाय त्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं. आज साधारण मत असं की साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास फार असेल आणि वर सांगितलेल्या अडचणी नसतील तर फायदा बहुधा जास्त. मला स्वतःला त्या भीतीनं काही बायकांचं उगाच नुकसान केलं असं वाटतं. आपल्याकडं तर मधला मार्गच नसतो. एक तर सोसायचं, नाही तर ‘पिशवी काढून टाका’.

आणि गंमत बघा. ज्या प्रोजेस्टेरॉनला नाक्यावर अडवलं होतं, तेही शेवटी तोंडानं आलं. फ्रेंचांनी 1980 च्या सुमाराला ते अगदी वस्त्रगाळ करून तेलात मिसळून कॅप्सूलमध्ये भरलं. अमेरिकेतल्या एका कॅप्सूलमध्ये चक्क शेंगदाण्याचं तेल असतं, त्यामुळं दाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही. यकृतात मोडताना तिचे जे तुकडे होतात, त्यांनी झोप येते. म्हणून ती रात्री घ्यायची.

पाळी जाऊन दीड वर्ष झाल्यावर मला एकदा डाग दिसला. माझ्या डोक्यात आधी आली ती कपाटातली उरलेली पट्टी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बारा महिने पाळी नसताना अंगावरून गेलं तर आधी सोनोग्राफी, मग बाकीचं. गोळीनं ते थांबेल हो, पण काय होतं ते कळायचं राहून जाईल." तपासणीत काही वावगं निघालं नाही. घरी आल्यावर पट्टी काढून बघितली. सहा गोळ्या होत्या, मुदत संपून चार वर्षं झालेली. आणि कात्री इथंही नावावरूनच गेलेली, फक्त या तुकड्यावर ‘नॉर’ तेवढं राहिलं होतं.