गाविलगडाखालची धायटी

मार्च १८०४. गेल्या १५ डिसेंबरला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने घेतलेल्या गाविलगडाची फुटलेली तटबंदी अजून तशीच आहे, पण तुम्ही तिकडे पाठ करून उतारावर उभे राहा. नरनाळ्याच्या दिशेने डोंगरामागे डोंगर. पायाखाली मुरूम, वाळून कडक झालेलं कुसळी गवत, पानं गळालेला साग. आणि या भुरकट रंगात लालभडक धायटी.

तिची वाकलेली फांदी धरा. सालीचे पापुद्रे हाताला लागतील. मेंदी आणि डाळिंब हिच्याच कुळातले. फुलाचा लाल भाग पाकळ्यांचा नाही, ती निदलपुंजाची नळी. पाकळ्या इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. बाहेर डोकावतात ते पुंकेसर. एक नळी तोडून चोखा: मध. शिंजीर पक्षी याच मधासाठी आलाय आणि जाताना डोक्यावर पराग घेऊन जाईल. हीच फुलं वाळवून वैद्य आसव-अरिष्टांत घालतात.

दुपारी दरीतून धूर वर येतो. मोहाची फुलं वेचायला जमीन मोकळी हवी, म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवला. वारा फिरला आणि आग गवतात शिरली. उघड्या खडकावर चढा, लवकर! चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते. गवत संपलं की ती पुढे जाते. मागे धायटीच्या काळ्या काड्या.

राख निवाल्यावर तिच्या बुडाशी उकरा. वीतभर खाली माती गारच. मुळांच्या जाड माथ्यावर निद्रिस्त डोळे आहेत, मुळांत पिष्टाचा साठा आहे. आता जूनमध्ये या: त्याच बुडख्यातून धुमारे फुटलेत.

पुढच्या मार्चलाही वणवा आला, तर हे झुडूप पुन्हा फुटेल. पण तिच्या धुळीएवढ्या बियांतून उगवलेलं रोप मरेल. त्याच्या मुळांत अजून काहीच साठलेलं नसतं. धायटीला आग सोसते असं सहज म्हटलं जातं. असं म्हणणाऱ्यांनी फक्त जुनी झुडपं पाहिलेली असतात, आणि जुन्या झुडपांवर जंगल किती काळ चालेल?

आता आजच्या काळात या. १९७४ पासून इथे मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. कडक उन्हाळ्याआधी वनमजूर गवताचा पट्टा मुद्दाम जाळून जाळरेषा काढतात, म्हणजे वणवा तिथे अडावा. ते काम मला फार मोलाचं वाटतं. रेषेच्या आत, आग न पोचलेल्या मुरमावर, गुडघ्याएवढी रोपं शोधा. समोरासमोर पानं आणि पानामागे काळे ठिपके दिसले, तर ती धायटीच.