स्वनिर्मित विमान

स्वनिर्मित विमान : कारखान्यात विक्रीसाठी तयार न होता एखाद्या व्यक्तीने किंवा लहान गटाने स्वतःच्या शिक्षणासाठी अथवा हौसेसाठी बांधलेले हलके विमान. ते बहुधा एका एंजिनाचे व एक किंवा दोन आसनांचे असते. आराखड्यावरून प्रत्येक भाग हाताने घडवून किंवा तयार भागांचा संच जोडून ते बांधतात. कारखान्यातील विमानाच्या सुरक्षिततेची जबाबदारी आरेखक, निर्माता, तपासनीस व शासन यांच्यात विभागलेली असते. स्वनिर्मित विमानाच्या बाबतीत बांधणारा, दुरुस्ती करणारा आणि उडविणारा बहुधा एकच असतो. त्यामुळे या विमानांचा इतिहास हा केवळ तांत्रिक प्रगतीचा इतिहास नाही. सामान्य नागरिकास विमान बांधून उडविण्याचे स्वातंत्र्य किती असावे आणि त्याच्या कामावर देखरेख कोणी ठेवावी, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी दिलेल्या उत्तरांचाही तो इतिहास आहे.

आरंभीचा काळ : विमानविद्येच्या आरंभी सर्वच विमाने एका अर्थाने स्वनिर्मित होती. राइट बंधूंचे १९०३ मधील विमान डेटन येथील त्यांच्या सायकलींच्या दुकानात आकारास आले व त्याचे एंजिन त्यांचा कारागीर चार्ल्स टेलर याने बनविले. पॅरिसमध्ये राहणारा ब्राझीलचा विमानविद्यावेत्ता आल्बेर्तो सांतूस-द्यूमाँ याने १९०७–०९ या काळात ‘देम्वाझेल’ हे बांबूच्या सांगाड्याचे चिमुकले विमान तयार केले. त्याने त्याचे एकस्व घेतले नाही. पॉप्युलर मेकॅनिक्स या अमेरिकन मासिकाने १९१० मध्ये त्याचे आराखडे छापले आणि विमान कसे बांधावे हे ज्ञान प्रथमच सामान्य वाचकापर्यंत पोहोचले. मिनेसोटा राज्यातील बर्नार्ड पिटनपोल याने १९२९ मध्ये फोर्ड मोटारगाडीचे एंजिन लाकडी विमानावर बसवून ते उडविले. त्याच्या ‘एअर कँपर’ या विमानाचे आराखडे १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यांवरून आजही विमाने बांधली जातात.

मात्र याच सुमारास नियंत्रणेही वाढली. अमेरिकेत १९२६ च्या कायद्याने विमानांची नोंदणी व तपासणी संघराज्य शासनाकडे आली. पुढील दशकात बहुतेक घटक राज्यांनी संघराज्याचा परवाना नसलेल्या विमानांना बंदी केली. स्वनिर्मित विमानांना तो परवाना मिळणे जवळजवळ अशक्य असल्याने त्यांची बांधणी मंदावली. ऑरेगन राज्यात मात्र ती चालू राहिली.

मिन्ये यांचे विमान व त्यापासून मिळालेला धडा : फ्रान्समधील आंरी मिन्ये हे विमान-अभियंते नव्हते. त्यांनी ‘पू-द्यू-स्येल’ (आकाशातील पिसू) हे विमान तयार केले व १० सप्टेंबर १९३३ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. एकामागे एक असे दोन पंख आणि एकाच दांड्याने चालणारे सोपे नियंत्रण ही त्याची वैशिष्ट्ये होत. पंखांच्या मागील कडांना असणाऱ्या हालत्या झडपा त्यास नव्हत्या. चालक पुढील पंखाचाच कोन कमीजास्त करी. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिन्ये यांच्या पुस्तकाने साधे सुतारकाम येणाऱ्या माणसाला विमान आवाक्यात आल्याचा विश्वास दिला. फ्रान्स व ब्रिटनमध्ये या विमानांची लाट आली. ऑगस्ट १९३५ मध्ये खुद्द मिन्ये यांनी या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली.

थोड्याच अवधीत प्राणघातक अपघातांची मालिका सुरू झाली. प्रत्येक विमान वेगळ्या हातांनी बांधलेले असल्याने दोष बांधणीचा, चालकाचा की आरेखनाचा, हे एका अपघातावरून ठरविणे कठीण होते. १९३६ मध्ये फ्रान्समधील शाले-मदाँ व ब्रिटनमधील फार्नबरो येथील वातविवरांत पूर्ण आकाराच्या विमानांच्या चाचण्या घेण्यात आल्या, तेव्हा उलगडा झाला. विमान विशिष्ट मर्यादेपलीकडे नाक खाली करून उतरू लागले की, दोन पंखांमधील फटीतून जाणाऱ्या वायुप्रवाहामुळे मागील पंखाचे उत्थापन वाढून नाक अधिकच खाली जाई. चालक साहजिकच दांडा मागे ओढी. त्यामुळे पुढील पंखाची मागची कड खाली येऊन फट आणखी अरुंद होई व बुडी तीव्र होई. सुटकेचा नेहमीचा उपायच घातक ठरत होता. ब्रिटनमध्ये १९३६ साली या विमानांना परवाने देणे थांबविण्यात आले. पुढील आरेखनांत हा दोष दूर करण्यात आला. परंतु आराखडा सोपा असणे म्हणजे तो सुरक्षित असणे नव्हे आणि एकट्या बांधणाऱ्याला असा दोष घरी बसून ओळखता येत नाही, ही गोष्ट या प्रकरणाने स्पष्ट केली.

संघटित कार्य : दुसऱ्या महायुद्धानंतर स्वनिर्मित विमानांचे पुनरुज्जीवन झाले ते मुख्यतः संघटनांद्वारे. ब्रिटनमध्ये १९४६ साली ‘अल्ट्रा लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था निघाली. हीच पुढे ‘पॉप्युलर फ्लाइंग असोसिएशन’ व नंतर ‘लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’ या नावांनी ओळखली जाऊ लागली. संस्थेच्या तपासनीसांनी बांधणीच्या ठराविक टप्प्यांवर काम पाहावयाचे व मगच उड्डाणास संमती मिळावयाची, अशी पद्धत तेथे रूढ झाली. फ्रान्समध्ये १९४८ साली एद्वार झोली व झाँ देलमाँतेझ यांच्या ‘झोदेल डी ९’ या एक आसनी लाकडी विमानाने पहिले उड्डाण केले व ते हौशी बांधणाऱ्यांत लोकप्रिय झाले.

अमेरिकेत ऑरेगनच्या जॉर्ज बोगार्डस याने १९४७ मध्ये ‘लिटल गी बी’ हे आपले लहानसे विमान उडवीत देश ओलांडून वॉशिंग्टन गाठले व अधिकाऱ्यांपुढे हौशी बांधणाऱ्यांची बाजू मांडली. १९५२ च्या सुमारास अशा विमानांसाठी प्रायोगिक वर्गात वेगळी तरतूद झाली. २६ जानेवारी १९५३ रोजी पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने मिलवॉकी येथे ‘एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे भरतो. अमेरिकन नियमांनुसार विमानाच्या बांधणीचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी शिक्षण वा मनोरंजन यांसाठी केलेला असावा लागतो. विमान कारखान्यातील विमानांच्या सुरक्षा-नियमांनुसार बनलेले नाही, अशी सूचना प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. स्वातंत्र्य मान्य केले, पण धोका लपविला नाही, असे या तडजोडीचे स्वरूप आहे.

सामग्री व बांधणी : आरंभी स्प्रूसचे लाकूड, प्लायवुड, सरस आणि रोगण दिलेले कापड ही मुख्य सामग्री होती. त्यानंतर पोलादी नळ्यांचे जोडलेले सांगाडे आणि रिव्हेटांनी जोडलेले ॲल्युमिनियमाचे पत्रे प्रचारात आले. बर्ट रुटान यांच्या ‘व्हॅरीईझ’ (१९७५) या विमानात फेसाळ प्लॅस्टिकाचे ठोकळे तापलेल्या तारेने कापून त्यांवर काचतंतूंचे कापड व एपॉक्सी रेझीन चढवीत. त्यामुळे महागड्या साच्यांची गरज उरली नाही. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या ‘आरव्ही’ मालिकेत धातूच्या भागांचे संच मिळू लागले. पुढे त्यांतील भोकेही आधीच पाडलेली येऊ लागल्याने जुळणी अचूक व जलद झाली. या मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने बांधून उडविली गेली आहेत. डॉनल्ड टेलर यांनी १९७६ मध्ये ‘थॉर्प टी १८’ या स्वनिर्मित विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. डिक रुटान व जीना येगर यांनी डिसेंबर १९८६ मध्ये ‘व्हॉयेजर’ विमानातून कोठेही न उतरता व वाटेत इंधन न घेता नऊ दिवसांत हीच प्रदक्षिणा पूर्ण केली.

चाचणी व देखभाल : विमान पूर्ण झाल्यावर त्याचे वजन करून गुरुत्वमध्य निश्चित करतात. तो ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेल्यास विमान अस्थिर होते. त्यानंतर नेमून दिलेल्या क्षेत्रात चाचणी-उड्डाणे करावी लागतात. अमेरिकेत यासाठी सर्वसाधारणपणे २५ किंवा ४० तासांची मर्यादा रूढ आहे. एंजिन व पंखा यांची जोडी प्रमाणित नसल्यास जास्त तास लागतात. देखभालीत नियंत्रण-तारा, बिजागऱ्या, इंधननळ्या, बोल्ट व त्यांना अडकविलेल्या तारा यांची वारंवार पाहणी करतात. लाकडी विमानात ओल व सांध्यांचा सरस, धातूच्या विमानात गंज व तडे आणि कापडी आवरणात कापडाची ताकद यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अमेरिकेत मुख्य बांधणाऱ्यास त्या एका विमानापुरते दुरुस्ती-प्रमाणपत्र मिळू शकते व त्याआधारे तो वार्षिक तपासणी करतो. विमान विकले तरी हे प्रमाणपत्र खरेदीदाराकडे जात नाही, कारण ते विमानाला नसून ते बांधताना मिळालेल्या ज्ञानाला दिलेले असते. या नियमामागील दृष्टी किती योग्य आहे, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ मधील अभ्यासातून दिसते. एंजिन बंद पडणे व विमानावरील ताबा सुटणे ही अपघातांची प्रमुख कारणे त्यात आढळली. नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणांइतकीच जुने विमान विकत घेणाऱ्याची पहिली उड्डाणेही धोक्याची असतात, असेही दिसून आले.

भारत : भारतात विमानांची नोंदणी व उड्डाणयोग्यता यांचे नियंत्रण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. महाराष्ट्रातील वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईतील कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते प्रदर्शित झाले. त्याची नोंदणी २०१७ मध्ये व उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. २०२० मध्ये धुळे येथे त्याची चाचणी-उड्डाणे झाली. विमान प्रदर्शित झाल्यापासून ते आकाशात जाईपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ लोटला. अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स या देशांत हौशी बांधणाऱ्याच्या पाठीशी संघटना, टप्प्याटप्प्याची तपासणी आणि सामायिक अनुभव यांची अनेक दशकांची परंपरा आहे. अशी परंपरा जेथे रुजलेली नसते, तेथे प्रत्येक बांधणाऱ्यास विमानाबरोबर परवानगीची वाटही नव्याने तयार करावी लागते.