परिसर, उपजीविका व समाजरचना

मानव व इतर नरवानर गणीय प्राणी यांचे समूह किती मोठे असतात, केव्हा एकत्र येतात व केव्हा विखुरतात, या गोष्टींचा अन्नाची उपलब्धता व ते मिळविण्याची साधने यांच्याशी निकटचा संबंध आहे. हवामानाचा मनुष्यस्वभाव व कायदे यांवर परिणाम होतो, हे माँतेस्क्यू यांनी १७४८ मध्ये मांडलेले मत स्थूल स्वरूपाचे होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मार्सेल मोस यांनी एस्किमो समाजाच्या आधारे या प्रश्नाचा अधिक काटेकोर विचार केला. उन्हाळ्यात तंबूंतून विखुरणारी ही कुटुंबे हिवाळ्यात एकत्र राहत आणि त्यांचे धार्मिक जीवनही त्या काळात बहरत असे. मात्र केवळ परिसरावरून या फरकाचा पूर्ण उलगडा होत नाही, असे मोस यांचे मत होते.

सांस्कृतिक परिस्थितिविज्ञानाचा पाया अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जूलियन स्ट्यूअर्ड (१९०२–७२) यांनी घातला. त्यांचा शोशोनी व शेजारच्या जमातींवरील ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम अमेरिकेतील ग्रेट बेसिन या रुक्ष प्रदेशात शोशोनी लोक गवताचे बी व पाइन वृक्षाच्या बिया गोळा करीत. पाइनचे पीक दरवर्षी एकाच जागी येत नसल्याने कुटुंबे वर्षाचा बराच काळ स्वतंत्रपणे हिंडत. हिवाळी वस्ती व सशांची सामूहिक शिकार यांसाठी ती एकत्र येत. याउलट उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, शेती नसतानाही, सॅमन माशांची विपुलता व ते साठविण्याचे कौशल्य यांच्या आधारे स्थायी गावे, वंशपरंपरागत श्रेणी व दासप्रथा उदयास आली.

नरवानरांच्या अभ्यासातही असेच स्थित्यंतर घडले. सॉली झुकरमन यांनी १९३२ मध्ये मुख्यतः लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील हमाड्रायस बबून माकडांच्या निरीक्षणावरून लैंगिक आकर्षण हाच नरवानर-समाजाचा मूलाधार मानला. तेथील झुंजींत अनेक माकडे मृत्युमुखी पडली होती. १९६० नंतर हान्स कुमर यांना इथिओपियाच्या निमवाळवंटात निराळे चित्र दिसले. तेथे हे बबून रात्री मोजक्या कड्यांवर मोठ्या संख्येने झोपतात आणि दिवसा विरळ अन्नाच्या शोधात एक नर व काही माद्या अशा लहान गटांत पांगतात. जे. एच. क्रुक व जे. एस. गार्टलन यांनी १९६६ मध्ये अधिवास व आहार यांच्या अनुषंगाने नरवानर-समाजांच्या पाच श्रेणी कल्पिल्या. हे वर्गीकरण पुढे अपुरे ठरले; कारण जवळच्या वंशातील जाती भिन्न अधिवासांतही बहुधा सारखीच समूहरचना टिकवितात, असे दिसून आले.

या मर्यादेला व्यावहारिक महत्त्वही आहे. गमावलेल्या जमिनींच्या भरपाईसाठी अमेरिकेतील आदिवासी जमातींनी १९४६ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन क्लेम्स कमिशनपुढे दावे मांडले. त्यांपैकी काही दाव्यांत स्ट्यूअर्ड यांनी शासनाच्या बाजूने साक्ष दिली. ग्रेट बेसिनमधील जमातींत संघटित भूस्वामित्व नव्हते, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु कुटुंबे विखुरलेली होती, एवढ्यावरून त्यांचा भूमीवर हक्क नव्हता असे सिद्ध होत नाही. कोणत्या डोंगरावर केव्हा बी धरेल याचे पिढीजात ज्ञान हेही भूमीशी असलेले नातेच होय. परिसर जीवनाच्या मर्यादा आखतो. त्या मर्यादांत वाटणी, नाते व हक्क यांचे नियम मानवी समाज स्वतः घडवितो.