मृगाच्या आधीची गाडी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गॅरेजमध्ये गर्दी का असते, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, पाऊस येतोय म्हणून. गॅरेजवाल्याला विचारा. तो म्हणेल, उन्हाळा झालाय म्हणून. मला त्याचं उत्तर जास्त पटतं.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या. १९६० च्या दशकातली फियाट ११०० डी हीच १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसी. मूळ गाडी तुरीनची, म्हणजे आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या थंड गावची. आणि आपण तिला मे महिन्यात, सुट्टीतली पाच माणसं आणि टपावर वळकट्या लादून बोरघाट चढायला लावायचो!

हा घाटरस्ता १८३० साली माल्कमसाहेबाच्या कारकिर्दीत गाड्यांना खुला झाला. तेव्हाच्या गाड्या बैलांच्या. बैल दमला की थांबतो. पद्मिनी थांबायची नाही, उकळायची. तिचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. ट्रकमागे रखडत चढताना इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद, आणि वारा नाही. शिंग्रोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. मग मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं. विहिरीचं, नळाचं, झऱ्याचं. त्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसायचे. म्हणून सुट्टी संपली की रेडिएटर धुवायचा, हे आमच्याकडे लोणच्याइतकंच ठरलेलं काम होतं.

बाबा त्याच रविवारी बॅटरीची सहा बुचं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचे. शिसं आणि आम्लाची ही बॅटरी प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली बनवली आणि तत्त्व आजही तेच आहे. उन्हाने तिच्यातलं पाणी उडतं, आतल्या पट्ट्या गंजतात. गंमत अशी, की मे महिन्यात हे कळतच नाही. इंजिन गरम, ऑइल पातळ, गाडी पटकन सुरू होते. जूनमध्ये वायपर, दिवे आणि काचेवरचं धुकं घालवणारा ब्लोअर एकदम चालू होतात आणि मग बॅटरी मान टाकते. आपण बोल लावतो पावसाला.

वायपरचंही तेच. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंना १९०३ साली त्याचं पेटंट मिळालं. न्यूयॉर्कला हिवाळ्यात ट्रामचा चालक काच पुसता येईना म्हणून हैराण झालेला पाहून त्यांना ते सुचलं होतं. बर्फासाठी जन्मलेलं हे साधन आपल्याकडे आठ महिने उन्हात तापलेल्या काचेला चिकटून पडून असतं. रबर कडक होतं, त्याच्या धारेला चिरा जातात. पहिल्या सरीत काच साफ होण्याऐवजी चिखलाचे पट्टे उमटतात, तेही नेमके रस्त्यावर तेलकट थर सुटलेला असतो त्या दिवशी.

जुन्या गाडीबद्दल मला उमाळे येत नाहीत. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल शिरली की ती बंद, आणि धक्का मारायला आम्ही भावंडं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचा पंखा विजेवर चाले, गाडी रखडली तरी फिरे. पुढे कार्बोरेटर गेला, बॅटरी सीलबंद झाली, २००१ साली पद्मिनी बनायची थांबली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तिची टॅक्सीही मुंबईतून गेली. या प्रवासात बॉनेट उघडायची सवयही गेली. उन्हाळा मात्र रबराला आणि बॅटरीला आजही तेच करतो.

आणि मग २६ जुलै २००५. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७४. दक्षिण मुंबईतून घरी निघालेल्या अनेकांना पुढे काय आहे याची कल्पनाच नव्हती. साचलेल्या पाण्यातून रेटलेल्या गाड्यांची इंजिनं हवेच्या वाटेने पाणी ओढून बसली. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. ते नुकसान पैशाचं. पण काही जण बंद गाडीतच गुदमरून गेले. काचा विजेवरच्या, कुलपं विजेवरची, आणि पाण्याने वीज गेलेली. पद्मिनीची काच हाताने फिरवून खाली यायची. त्यानंतर ओळखीतल्या कितीतरी जणांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली.

तेव्हापासून मी मृगाआधी काचांपासून सुरुवात करतो. काच ज्या रबरी खाचेतून सरकते, तीही उन्हाने सुकते. मग काच अडखळत खाली येते, मोटरवर ताण पडतो. चारही काचा पूर्ण खाली-वर करून बघायच्या, खाच पुसून सिलिकॉनचा फवारा मारायचा, मागची दारं आतून उघडतात का ते पाहायचं. लहान मुलांसाठीची कडी लावलेली असेल तर ती उघडणारच नाहीत, आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. हातोडी डिकीत नाही, हाताशी. गॅरेजच्या छापील यादीत यातलं काही मला दिसलेलं नाही. मी दरवर्षी सांगतो, आणि तो पोरगा दरवर्षी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघतो.