पुण्याची बिनतारी आणि तिची खरखर

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आणि राजे पंचम जॉर्ज यांनी एकमेकांना शुभेच्छांच्या तारा पाठवल्या आणि भारत व ब्रिटन यांच्यातील थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली. या सेवेचे भारतातील प्रक्षेपण केंद्र पुण्याला लागून असलेल्या खडकीत होते. ग्रहण केंद्र मात्र सुमारे ७५ किलोमीटर दूर, दौंडला होते. लोकांकडून तारा घेण्याचे आणि आलेल्या तारा पोचवण्याचे कार्यालय तिसरीकडेच, मुंबईला. तिथून जमिनीवरच्या तारांनी संदेश खडकीला जाई आणि दौंडला उतरलेला संदेश तसाच मुंबईला येई. इंग्लंडमध्येही मांडणी हीच होती: लिंकनशायरमध्ये ग्रिम्स्बीजवळच्या टेटनीला प्रक्षेपण आणि स्केग्नेसजवळच्या विंथॉर्पला ग्रहण.

एका कामासाठी दोन गावांत दोन केंद्रे उभारण्याचा खर्च कोणी हौसेने केला नव्हता. प्रक्षेपक हजारो वॉटची शक्ती हवेत सोडत असतो. समुद्रापलीकडून येणाऱ्या लहरीचा ग्राहकाच्या एरियलवर पडणारा दाब व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांएवढा असतो. शिवाय कोणताही प्रक्षेपक नेमून दिलेल्या लहरीपुरता थांबत नाही. तिच्या आजूबाजूला बारीक खरखरीची एक झालर तो सोडतच असतो. संदेश एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालवायचे असतील, तर ही खरखर ग्राहकाच्या कानापर्यंत पोचू द्यायची नाही, हा पहिला नियम. १९२७ साली त्यावर भरवशाचा उपाय एकच होता, तो म्हणजे अंतर. पुण्याच्या बिनतारीची पुढची सुमारे शंभर वर्षे पाहिली तर बराचसा उद्योग हे अंतर कमी करण्याचा आणि तरीही खरखर आवरण्याचा दिसतो.

खडकीची सेवा मार्कोनी कंपनीच्या बीम पद्धतीची होती. लहर चहूकडे न उधळता आडव्या-उभ्या तारांच्या पडद्यासारख्या एरियलमधून ती एका दिशेला झोतासारखी सोडायची, ही चार्ल्स फ्रँकलिन यांची रचना. दिवसा सुमारे १६ मीटरची आणि रात्री सुमारे ३४ मीटरची लहर वापरली जाई, कारण सूर्य मावळला की वातावरणाचा वरचा थर आखूड लहर पूर्वीसारखी परतवत नाही. समुद्राखालच्या केबलपेक्षा ही सेवा स्वस्त पडली आणि केबल कंपन्यांचे धाबे दणाणले. अखेर १९३२ मध्ये दोन्ही धंदे एकत्र करून इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी स्थापन झाली. १९३३ मध्ये लंडनशी बिनतारी टेलिफोनही सुरू झाला. १९४७ मध्ये सरकारने ही कंपनी ताब्यात घेऊन तिची ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस केली आणि १९८६ मध्ये तिचेच विदेश संचार निगम झाले. दिघीचे निगमचे आवार जुन्या पुणेकरांच्या आठवणीत आहे.

टेलिफोन आल्यावर खरखरीचा प्रश्न बदलला. तारेतले कट्ट-कड सराईत कानाला गोंगाटातूनही वेचता येते. बोललेला शब्द तसा वेचता येत नाही. त्यात हवेची स्वतःची खरखर. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि वळवाच्या दिवसांत दुपारनंतर रेडिओतून उठणारे तडतड आवाज घरोघरी ऐकू येऊ लागले. दूरवरच्या प्रत्येक विजेबरोबर एक रेडिओ लहर निघते आणि मध्यम लहरींच्या पट्ट्यात ती शेकडो किलोमीटर पोचते. एस. व्ही. चंद्रशेखर अय्या यांनी १९५०च्या दशकात पुण्यात या वातावरणीय खरखरीची पद्धतशीर मोजमापे केली. उष्ण कटिबंधातल्या प्रसारणासाठी राखलेल्या ३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात ढगांच्या गडगडाटाचा उपद्रव नेमका किती, हा त्यांचा विषय होता. युरोपातल्या आकड्यांवर बेतलेली केंद्रे महाराष्ट्राच्या वैशाखात अपुरी पडतात, हे सांगायला इथलीच मोजमापे हवी होती.

विजेची खरखर लहरीच्या उंचीवर स्वार होते. म्हणून उंचीत संदेश ठेवणारी जुनी एएम पद्धत तिला बळी पडते. अमेरिकेत एडविन आर्मस्ट्राँग यांनी लहरीची उंची कायम ठेवून कंपनसंख्येत संदेश भरण्याच्या रुंद पट्ट्याच्या एफएम पद्धतीचे पेटंट १९३३ मध्ये मिळवले आणि फिरत्या बिनतारीचे रूप पालटले. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी दुतर्फी एफएम यंत्रणा उभी केली. ती डॅनियल नोबल यांची. दुसऱ्या महायुद्धात याच नोबल यांच्या देखरेखीखाली एससीआर-३०० हा पाठीवरचा एफएम संच तयार झाला. ‘वॉकीटॉकी’ हे नाव रूढ झाले ते त्याच्यासाठी. त्याचे वजन पंधरा किलोंच्या घरात होते. एका हातात मावणारा एससीआर-५३६ त्याआधीचा. तो दोन-सव्वादोन किलोंचा होता, पण एएम होता आणि जमिनीवर दीड किलोमीटरच्या पुढे त्याची फारशी खात्री नव्हती. आज पोलिसाच्या खांद्यावर दिसणारा संच पहिल्याची पद्धत आणि दुसऱ्याचा आकार घेऊन आलेला आहे.

महाराष्ट्रात हा संच रोजच्या कामात हाताळला तो पोलिसांनी. राज्याच्या पोलीस बिनतारी संदेश विभागाचे मुख्यालय पुण्यातच, पाषाण रस्त्यावर चव्हाणनगरला आहे. पुण्यात १९६५ मध्ये पोलीस आयुक्तालय आले. शहराच्या पेठांपासून कॅन्टोन्मेंटपर्यंतची ठाणी नियंत्रण कक्षाशी बोलत ठेवणे हे बिनतारीचे रोजचे काम. परीक्षेचे दिवस मात्र वर्षातून दोनदा येतात. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात येतात, एक भवानी पेठेत आणि दुसरी नाना पेठेत मुक्कामाला असते. दुसरी परीक्षा अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुकीची. दोन्ही वेळा आभाळ बहुधा गळत असते.

हातातल्या संचाच्या पोटात काय असते, ते पाहिले की बोलताना येणारी खरखर इतकी चिवट का, ते कळते. खडकी आणि दौंडमध्ये ७५ किलोमीटर होते. इथे प्रक्षेपक, ग्राहक, माइक, बॅटरी आणि लहर निर्माण करणारा ऑसिलेटर एकमेकांपासून दोन-चार सेंटिमीटरवर बसवलेले असतात. ग्राहक आणि प्रक्षेपक यांचे भांडण बटनाने मिटवलेले आहे: पीटीटी, म्हणजे बोलण्याचे बटन, दाबले की ग्राहक गप्प होतो. पण माइकला गप्प करता येत नाही. एरियलमधून निघालेल्या पाच वॉटच्या लहरीचा काही अंश परत माइकच्या तारेत शिरतो. माइकच्या चकतीत बसवलेला छोटा ट्रान्झिस्टर त्याचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करतो आणि बोलणाऱ्याच्या शब्दाला घरघर चिकटते. बोलणाऱ्याला स्वतःला ती ऐकूच येत नाही. तक्रार नेहमी पलीकडून येते, आणि पहिला आळ बिचाऱ्या ऐकणाऱ्याच्या संचावर जातो.

म्हणून जाणता मेकॅनिक पेचकस हातात घेण्याआधी दुसरा संच थोडा दूर नेऊन ऐकतो. एकाच टेबलावर दोन संच ठेवले तर ऐकणारा संच जवळच्या लहरीने गुदमरतो आणि नसलेली खरखर दाखवतो. दौंडची अक्कल इथेही कामी येते. पुढची पायरी म्हणजे एरियल काढून तिच्या जागी ५० ओमचा डमी लोड लावणे. हा रोधक शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवतो. घरघर त्याबरोबर थांबली तर लहर माइकमध्ये शिरत होती, हे ठरले. मग माइकच्या पायांशी अगदी लागून एक छोटा सिरॅमिक कॅपॅसिटर, त्याच्या तारेत फेराइटचा मणी, आणि धातूच्या झाकणाचे सैल झालेले स्क्रू आवळणे, एवढ्याने बहुतेक संच सुधारतात. कॅपॅसिटर दोन इंच लांब तारांवर लोंबकळत ठेवला तर उपयोग नाही, कारण या कंपनसंख्येला तेवढी तारही एरियलच असते.

डमी लोड लावूनही आवाज राहिला तर दोष वीजपुरवठ्यात शोधायचा. ऐकताना संच काही दशांश अँपियर घेतो. बोलताना ती मागणी एकदम अँपियरच्या वर जाते. बॅटरी म्हातारी झाली असेल किंवा तिच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला असेल, तर दाब खाली बसतो, ऑसिलेटर डळमळतो आणि एफएममध्ये कंपनसंख्येचे डळमळणे म्हणजेच खरखर. पालखीच्या बंदोबस्तावरून आलेल्या संचांत हा गंज सर्रास सापडतो. खांद्यावरच्या स्पीकर-माइकची वळलेली वायर हे तिसरे ठिकाण. सारखी वाकून तिचे अर्थिंग आतल्या आत तुटते, आणि वायर हलवली की आवाज येतो-जातो, एवढ्यावरून ते ओळखू येते. गाडीतल्या संचाची शिट्टी मात्र वेगळी. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा सूर आला तर तो अल्टरनेटरचा, आणि त्यासाठी संचाची वीज थेट बॅटरीच्या टोकांवरून घ्यावी लागते.

सुटे भाग मिळण्याची पुण्यातली जागा बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मोडीत निघालेले संच पूर्वी जुन्या बाजारातही येत, बुधवारी आणि रविवारी. भाग मिळाले तरी मोजमापाच्या उपकरणाविना केलेल्या दुरुस्तीत एक चूक वारंवार होते, ती म्हणजे आवाज मोठा करण्यासाठी डेव्हिएशन, म्हणजे कंपनसंख्येचे हलणे, वाढवणे. २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये लहर दोन्ही बाजूंना ५ किलोहर्ट्झपर्यंत आणि साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये अडीचपर्यंत हलवायची असते. त्यापलीकडे गेले की पलीकडचा संच शब्दांची टोके कापतो आणि शेजारच्या चॅनेलवाल्यालाही त्रास होतो. उलट डेव्हिएशन फार कमी ठेवले तर बोलणे पुसट आणि खरखर ठळक.

अनंत चतुर्दशीला यातले काहीच बिघडलेले नसते आणि तरी काही ऐकू येत नाही. मंडईतून कसबा गणपती निघाल्यापासून अलका टॉकीजच्या चौकात शेवटचे मंडळ पोचेपर्यंत लक्ष्मी रस्ता दिवस-रात्र ढोल-ताशांनी भरलेला असतो. मोबाइलचे जाळे गर्दीने गुदमरते, त्यामुळे भिस्त वॉकीटॉकीवरच. संचातला लिमिटर मोठा आवाज दाबतो, पण ढोल आणि शब्द वेगळे करण्याची समज त्याला नसते. ढोल मोठा, म्हणून शब्दही दाबला जातो. यावर मूळ उपाय माइक तोंडाच्या अगदी जवळ, किंचित तिरपा धरून नेहमीच्या आवाजात बोलण्याचा. ओरडण्याने बिघडते. बटन दाबून क्षणभर थांबायचे, नाहीतर पहिला शब्द जातो, आणि आकड्यांचा पहिला शब्द गेला तर मंडळाचा क्रमच चुकतो.

शहरापलीकडे पोचण्यासाठी डोंगरावर रिपीटर लागतो, कारण दिवे घाटासारखी एक धार मध्ये आली की हातातला संच मुका होतो. रिपीटर एका कंपनसंख्येवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. हौशी रेडिओच्या दोन मीटर पट्ट्यात या दोन्हींमध्ये फक्त ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात, आणि एरियल एकच. खडकी-दौंडचा प्रश्न इथे पुन्हा मूळ रूपात उभा राहतो, आणि ७५ किलोमीटरचे काम डुप्लेक्सर नावाची पोकळ नळकांडी करतात. प्रत्येक नळकांडे एक कंपनसंख्या जाऊ देते आणि दुसरी अडवते. त्यांचे ट्यूनिंग थोडे सरकले की रिपीटर स्वतःच्याच खरखरीने बहिरा होतो.

पुणे जिल्ह्यात याच प्रश्नाचे दुसरे टोकही आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण काहीही प्रक्षेपित करत नाही, फक्त ऐकते. जागा निवडताना माणसांच्या यंत्रांची खरखर कमी असणे ही महत्त्वाची अट होती. आजूबाजूच्या डोंगरांनी शहरांच्या लहरी काहीशा अडतात. १४ अँटेना मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या आहेत. त्यांचे संकेत मध्यवर्ती इमारतीत ऑप्टिकल फायबरने येतात, आणि केंद्राची स्वतःची इलेक्ट्रॉनिक यंत्रे धातूच्या आवरणात कोंडावी लागतात. जे तत्त्व वॉकीटॉकीत झाकणाच्या चार स्क्रूंवर सांभाळले जाते, ते इथे खोल्यांच्या भिंतींवर.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९३३च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याविना संच बाळगणे हाच गुन्हा ठरवला होता. २०१८च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट दिली. त्यामुळे सोसायट्यांचे रखवालदार, मंगल कार्यालये आणि ट्रेकिंगचे गट यांच्या हाती संच आले, आणि दुरुस्तीला येणाऱ्या तक्रारींत स्वस्त संचांच्या पातळ शील्डिंगची भर पडली.

डिजिटल संचात खरखर कानाला येतच नाही. आवाज आधी व्होकोडरमध्ये जातो. तो माणसाच्या बोलण्याचे गुणधर्म ओळखून तेवढेच आकडे पाठवतो. लहर क्षीण झाली की शब्द खरखरत नाहीत, तुटतात किंवा पूर्ण गायब होतात. बॅटरी डळमळली तरी लक्षण हेच दिसते, म्हणजे कानाने दोष ओळखण्याची जुनी सवय निकामी ठरते आणि मेकॅनिकला चुकांचे प्रमाण मोजणारे उपकरण लागते. ढोलाचे तर व्होकोडरला वावडेच आहे. तो त्यालाही बोलणे समजून त्याचे शब्द करायला जातो, आणि लक्ष्मी रस्त्यावरून निघालेला निरोप नियंत्रण कक्षात अनोळखी भाषेसारखा ऐकू येतो. नव्या संचांत दोन माइक असतात, एक तोंडाकडे आणि एक पाठीमागे. पाठीमागच्याने टिपलेला गोंगाट पुढच्यातून वजा करून उरेल तेवढेच व्होकोडरकडे जाते. पाठीमागचे भोक रेनकोटाने झाकले गेले की ही वजाबाकी चुकते, म्हणून पावसाळ्यात संच कमरेला लावताना तो कोणत्या बाजूने लावला आहे, हेही आता पाहावे लागते.